बॅनर लावला त्या महिन्यात

लातूरचा माझा एक मित्र आणि मी, आम्ही दोघं मिळून इंटरनेटवर एक खेळ चालवतो. खेळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पळणाऱ्या गाड्या नाहीतर बंदुका येतात. आमच्या खेळात चित्रच नाही, नुसते शब्द आहेत. पडद्यावर मजकूर येतो, की तुम्ही किल्ल्याच्या पहिल्या दरवाजात उभे आहात, डावीकडं पहारेकऱ्याची ओसाड खोली आहे, समोर अंधार आहे. मग तुम्ही टाइप करायचं, ‘दिवा लाव’, ‘आत जा’, ‘भिंत बघ’. त्यावर पुढचा मजकूर येतो. त्याच वेळी खेळात आलेली दुसरी माणसं तुम्हाला तिथंच भेटतात, आणि त्यांच्याशी बोलायचं तेही टाइप करूनच.

आम्ही नांदेडला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा एका रविवारी कंधारचा किल्ला बघायला गेलो होतो. परतीची बस दीड तास आली नाही. फाट्यावर बसल्या बसल्या मित्र म्हणाला, “या किल्ल्यात पाणी कुठून येत असंल रे?” तेवढ्यावरून खेळ निघाला. आमच्या किल्ल्यातलं तळं आटलेलं आहे. जमिनीखालून पाण्याचा एक जुना पाट येतो, तो कुठं तरी बुजलाय. सगळ्या खेळणाऱ्यांनी मिळून तो शोधायचा. तलवार नाही, शत्रू नाही, कोणी हरत नाही. आधी हॉस्टेलच्या पोरांपुरता तो होता. पुढं इंटरनेटवर टाकला.

आता मी नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मित्राचं लातूरला गंजगोलाईजवळ विहिरीच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान आहे, त्याच्या वडलांचं. खेळ हा आमचा रिकाम्या वेळचा उद्योग. त्यातून कमाई करायची असं आमच्या मनात कधी आलं नाही.

किल्ल्याच्या मधोमध आम्ही एक चावडी केली आहे. खेळात येणारा पहिल्यांदा तिथं येतो, बसतो, गप्पा मारतो, मग पाट शोधायला जातो. एके काळी चावडीवर दिवसभरात साठ-सत्तर माणसं यायची. हळूहळू लोकांचे फोन बदलले, लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, आणि शेवटी नेमानं येणारी चौदा माणसं उरली.

त्या चौदांत एक मास्तर होते. खेळात त्यांनी स्वतःचं नावच ‘मास्तर’ असं घेतलं होतं, म्हणून आम्ही सगळे त्यांना रिटायर शाळामास्तर समजत होतो. दुपारी दोनच्या सुमाराला ते यायचे आणि दिवे लागायच्या आधी जायचे. चावडीवर त्यांच्याइतकं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. नवा माणूस दिसला रे दिसला की लिहायचे, “या या, बर्री. पुढं सरका, पाठीमागच्याला जागा द्या.” बर्री म्हणजे कानडीत ‘या’. मित्राच्या घरी आजोबांपर्यंत कानडी बोलली जायची, त्यानं मला ते सांगितलं. नव्या माणसाला मास्तर स्वतः दिवा घेऊन सगळा किल्ला फिरवून आणायचे. कुठल्या जिन्याची पायरी तुटलीय, कुठं वटवाघळं आहेत, सगळं सांगायचे. तो रस्ता मीच लिहिलेला, पण मास्तरांच्या तोंडून ऐकताना मलासुद्धा नवा वाटायचा. मधल्या सुट्टीत कॉलेजच्या लॅबमध्ये बसून मी कितीदा तरी ते नुसतं वाचत राहिलोय.

स्वतःबद्दल ते काही सांगायचे नाहीत. कोणी विचारलं तर लिहायचे, “आपलं काय हाय, सांगण्यासारखं? तुम्ही बोला.”

असंच चाललं असतं. पण एकदा मित्र माल बघायला नांदेडला आला होता, जेवायला माझ्याकडं थांबला. हात धुतल्यावर म्हणाला, “चौदा माणसं, यार. त्यातली दोन तर आपणच.”

“आपल्याला सोडून चौदा,” मी म्हणालो.

“तेच रे. उद्या बंद केलं तर कोणाला कळायचं बी न्हाई. मी म्हणतो, जाहिरात करू. बॅनर लावू.”

मी नाही म्हणालो. ज्याला वाचायची आवड आहे तो आपला आपण येईल, असं माझं म्हणणं. त्यावर त्यानं दुकानाचं उदाहरण दिलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं ऑटोंच्या पाठीवर दुकानाचे बोर्ड लावले होते आणि औसा, निलंग्याकडची कितीतरी नवी गिऱ्हाइकं त्यावरून आली होती. ते खरंच होतं, मी स्वतः बघितलं होतं. “माणसाला ठाऊकच न्हाई तर येईल कुठून?” तो म्हणाला. खर्च मी करतो, तू फक्त नाही म्हणू नकोस, असं तो म्हणाला आणि मी नाही म्हटलं नाही.

लातूरच्या एका जाहिरात एजन्सीतल्या बाईंनी बॅनर तयार करून दिला. राशिभविष्य, नोकरीच्या जागा, पाककृती असं सगळं असणाऱ्या एका मराठी पोर्टलवर आणि मोबाइलच्या खेळांची माहिती देणाऱ्या एका साइटवर तो महिनाभर दिसणार होता. मित्रानं तो मला पाठवला. काळं आभाळ, जळणारा किल्ला, पुढं तलवार उपसलेला एक वीर, आणि खाली पिवळ्या अक्षरात ‘मोफत खेळा!’

मी फोन केला. “आपल्या खेळात तलवार कुठाय?”

तो म्हणाला, “मी बी तेच म्हटलं त्या बाईला. ती म्हणाली, मग चित्र कशाचं काढू? तूच सांग, ज्या खेळात चित्रच न्हाई त्याचं चित्र काढायचं म्हटल्यावर काहीतरी खोटं येणारच की.”

बॅनर सोमवारी लागला. मंगळवारी दुपारी मी लॅबमध्ये बसून चावडी उघडली आणि बघतच राहिलो. एका वेळी चाळीस माणसं उभी होती. नावं भराभर येत होती. मी मित्राला फोन लावला, तोही दुकानात गिऱ्हाईक सोडून तेच बघत बसला होता. इतक्या वर्षांत आम्ही बांधलेल्या त्या चावडीवर पाय ठेवायला जागा नाही, हे बघून मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला पाहिजे.

मग मी मजकूर वाचायला लागलो. “हे काय आहे.” “गेम कुठंय.” “डाउनलोडची लिंक द्या.” “फोटो दिसत नाहीत माझ्या मोबाइलवर.” “तलवार कशी घ्यायची?” आणि या सगळ्यांच्या मधून मास्तर लिहीत होते, “या या, बर्री. पुढं सरका. दिवा लावा, मग दिसंल.” ते प्रत्येकाला वेगळं लिहीत होते, त्याचं नाव घेऊन. त्यांचं लिहून होईपर्यंत तो माणूस गेलेला असायचा. बहुतेक जण मिनिटभरसुद्धा थांबत नव्हते.

चार-पाच दिवस असंच चाललं. शनिवारी मास्तरांनी मला वेगळा निरोप लिहिला, “सर, सोमवारपासून दोनशे लोकाला या म्हटलं. एकानं बी उलटून हाव म्हटलं न्हाई. माझं काही चुकून राहिलंय का?”

“तुमचं काही चुकत नाही, मास्तर,” मी लिहिलं. “ही माणसं वेगळी आहेत. थोडे दिवस लागतील.”

थोडे दिवस लागतील, असं मला खरंच वाटत होतं. मित्राला तर खात्रीच होती. पण लोक का जातात याचा विचार करायला पाहिजे, असं तो म्हणायला लागला. चित्र तर आपण देऊ शकत नाही. मग दुसरं काय? गेलेल्यांपैकी काहींनी लिहून ठेवलं होतं, की टाइप कोण करत बसणार, बोलायची सोय नाही का? एकानं तर मास्तरांनाच लिहिलं होतं, “काका, एवढं टाइप करत बसता, सरळ माइक चालू करा ना.” मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर देत नाहीत असं त्याआधी कधी झालं नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं, पण मी पुढं विचार केला नाही.

“आवाज टाकता येईल का रे?” मित्रानं विचारलं. “चावडीवर माणसं एकमेकांशी तोंडानं बोलतील. फोनवर बोलल्यासारखं.”

येत होतं. अवघडही नव्हतं. मला उत्साह आला. कितीतरी वर्षांनी खेळात काही नवं करायचं होतं. त्या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर मी रोज त्याच्यावर बसलो. आणि गुरुवारी मीच चावडीच्या भिंतीवर सूचना लावली, की लवकरच इथं प्रत्यक्ष आवाजात बोलता येईल, टाइप करायचा त्रास संपेल. ‘त्रास’ हा शब्द माझा.

नव्या लोकांपैकी कोणी ती वाचली असेल असं वाटत नाही. जुन्यांपैकी दोघातिघांनी ‘छान’ असं लिहिलं. मास्तर दुपारी आले, थोडा वेळ थांबले, काही न लिहिता गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप होता, “सर, आवाजाची सोय झाली की मला सुट्टी द्या. लई चांगले दिवस गेले तुमच्यामुळं.”

मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “लाजत असतील. आपल्या बोलीला कोणी हसंल म्हणून. आवाज चालू झाला की येतील बघ.” मलाही ते पटलं. मी त्यांना लिहिलं, की मास्तर, तुमच्याशिवाय चावडी कशी चालेल. उत्तर आलं नाही. ते यायचे बंद झाले.

महिना संपत आला तसा बॅनरचा जोरही ओसरला. शेवटच्या आठवड्यात एजन्सीच्या बाईंनी मित्राला कागद पाठवला, किती लोकांनी बॅनर बघितला, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं. आकडे मोठे होते. पुढचा महिना घेता का, असंही विचारलं होतं. आम्ही फोनवर बसून मोजलं, की त्या सगळ्या गर्दीतून दुसऱ्यांदा आलेले किती, आणि अजून येतात असे किती. अजून येणारं माणूस एक निघालं.

त्या माहूरच्या एक बाई होत्या. रेणुकादेवीच्या पायऱ्यांखाली त्यांचं ओटीच्या सामानाचं, हळदीकुंकवाचं दुकान आहे. पोर्टलवर राशिभविष्य वाचताना अंगठा चुकून बॅनरवर पडला आणि त्या चावडीवर येऊन पोचल्या. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं होतं, “हे बंद कसं करायचं?” मास्तरांनी उत्तर दिलं होतं, “बंद कशाला करता, बाई? दिवा तेवढा लावून बघा, मग जा.” त्यांनी दिवा लावला. मास्तरांनी त्यांना तीन दुपारी किल्ला दाखवला. यात्रेकरू नसतील त्या वेळी त्या दुकानात बसून खेळायच्या.

त्यांनीच मला लिहिलं, “सर, मास्तर पंधरा दिवस झाले दिसून नाही राहिले. तुम्ही चौकशी केली का?”

मी लिहिलं, की ते स्वतःहून यायचे थांबले आहेत.

“रोजचं गिऱ्हाईक आलं नाही तर दुकानदार विचारत नाही का?” त्यांनी लिहिलं. “माझ्या दुकानासमोर एक म्हातारी रोज बसते, एक दिवस नाही दिसली तर मी पोराला तिच्या घरी पाठवते. मास्तर देगलूरचे आहेत. स्टँडच्या मागं घर आहे, दारात शेवगा आहे. मला बोलले होते. मी बाईमाणूस, दुकान सोडून इतक्या लांब कशी जाऊ? तुम्ही जा.”

इतकी वर्षं आम्ही मास्तरांना ओळखत होतो आणि ते देगलूरचे आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी नांदेडहून निघालो, मित्र उदगीरवरून आला. देगलूरच्या स्टँडवर भेटलो. चहाच्या टपरीवर मित्रानं विचारलं, “इथं मागं कोणी रिटायर मास्तर राहतात का? दारात शेवग्याचं झाड आहे.”

“कंडक्टर मास्तर?” टपरीवाला म्हणाला. “ते आवाज गेलेले?”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. टपरीवाल्याला वाटलं आम्हाला कळलं नाही, म्हणून त्यानं आणखी सांगितलं. मास्तर तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आणि कंडक्टरला इकडं मास्तरच म्हणतात. गाडी फाट्यावर लागली की त्यांची हाळी पार बाजारापर्यंत ऐकू यायची. लोक घड्याळ बघायचे नाहीत, त्यांच्या आवाजावर घरातून निघायचे. चार वर्षांपूर्वी घशाचा आजार झाला, लातूरला ऑपरेशन केलं, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

घर लगेच सापडलं. सूनबाईंनी दार उघडलं. मित्रानं, आम्ही खेळवाले आहोत, असं काहीतरी विचित्र सांगितलं, पण त्यांना कळलं. “या की. मामंजी तुमचं नाव सारखं दाखवायचे फोनवर,” त्या म्हणाल्या.

मास्तर खाटेवर बसलेले होते. उंच, हाडापेराचा माणूस. गळ्याभोवती पांढरं सुती फडकं सैल बांधलेलं, आणि श्वास घेतला की ते फडकं आतबाहेर व्हायचं. आम्हाला बघून ते उठले, दोन्ही हात जोडले. तोंड हललं. मला वाटतं ते ‘या या’ म्हणाले. काही ऐकू आलं नाही.

उशाची वही घेऊन त्यांनी लिहिलं आणि माझ्यापुढं धरली. अक्षर सुरेख होतं, पण लिहायला वेळ लागत होता.

“आवाजाची सोय झाली का?”

मी काही बोलायच्या आत मित्र म्हणाला, “न्हाई, मास्तर. झाली न्हाई. करणार बी न्हाई.” त्यानं मला विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

मास्तरांनी मान हलवली, पुन्हा लिहिलं, “माझ्यासाठी थांबवू नका. नव्या लोकाला पाहिजे ना.”

“नवे लोक गेले,” मित्र म्हणाला. “सगळे गेले. एक माहूरच्या बाई राहिल्या, आणि त्यांनीच आम्हाला इथं धाडलं. आम्हाला ठाऊक नव्हतं, मास्तर. आम्ही मूर्ख आहोत.”

मास्तर हसले. हसण्याचाही आवाज नव्हता, फक्त फडकं जोरात हललं. सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं, की दवाखान्यानं एक यंत्र दिलं होतं, गळ्याला लावून बोलायचं. पण त्यातून लोखंडासारखा आवाज यायचा, घरातली लहान मुलगी ऐकून रडायची. एकदा ती रडली आणि मामंजींनी ते यंत्र कपाटात ठेवून दिलं, पुन्हा काढलं नाही. बाहेर जायचे बंद झाले. ओळखीचे लोक घरी यायचे, समोर बसायचे, त्यांनाही काय बोलावं कळायचं नाही, मग तेही कमी झाले.

मास्तर ऐकत होते. मग त्यांनी वही ओढून घेतली आणि लिहिलं. मी वाचलं आणि मित्राकडं दिली. त्यावर दोन वाक्यं होती.

“इथं मी लिहितो. तिथं मी बोलतो.”

मित्र उठून बाहेर गेला. हौदाजवळ त्यानं तोंड धुतल्याचा आवाज आला. मी वही हातात घेऊन बसलो होतो. आठवडाभर बसून मी ज्याला ‘त्रास’ म्हणत होतो, तो काढून टाकायला निघालो होतो, आणि समोर हा माणूस बसला होता.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. सोमवारी भिंतीवरची सूचना काढली, आवाजाचं केलेलं सगळं काम पुसून टाकलं. दुपारी दोन वाजता मास्तर आले. माहूरच्या बाई आधीच येऊन बसलेल्या होत्या. त्यांनी लिहिलं, “इतके दिवस कुठं होता? चौथ्या दरवाजापाशी मी एकटी अडकले.” मास्तरांनी लिहिलं, “गाडी लेट झाली, बाई. चला, पुढं सरका.” मी नुसतं वाचलं.

त्यानंतर आठ-नऊ महिने मास्तर रोज येत होते. आता आम्हाला ठाऊक होतं, तरी चावडीवर आम्ही ते कोणाला सांगितलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाला दुखणं उलटलं. आधी ते एक दिवसाआड यायला लागले, मग आठवड्यातून एकदा. शेवटी आले तेव्हा अर्धा जिना उतरले आणि लिहिलं, “इथंच बसतो जरा.” माहूरच्या बाई तिथं त्यांच्याजवळ थांबल्या. बराच वेळ दोघांनी काही लिहिलं नाही. मग मास्तर गेले.

मास्तरांच्या मुलाचा फोन मित्राला आला. आम्ही तेराव्याला गेलो.

जेवणं झाल्यावर मुलगा आम्हाला बाजूला घेऊन बसला. तोही एसटीतच मेकॅनिक आहे, कमी बोलणारा. म्हणाला, “बाबा त्या फोनवर काय करायचे ते मी कधी नीट बघितलं न्हाई. मला वाटायचं टाइमपास. पाच वर्षं होत आली, मी त्यांचं बोलणं ऐकलं न्हाई. तिथं काय बोलायचे ते तुमच्याकडं असतं का?”

असतं. चावडीवरचं बोलणं आम्ही साठवून ठेवतो, कोणी वाईटसाईट लिहिलं तर बघता यावं म्हणून. पण ते एकट्या मास्तरांचं नव्हतं. मी मुलाला म्हणालो, आठ दिवस द्या. चावडीवर मी सगळं सांगितलं, मास्तर गेल्याचं, त्यांच्या आवाजाचं, आणि त्यांच्या मुलाच्या मागणीचं. तुमचं बोलणं त्यात येईल, चालेल का, असं विचारलं. एकेकानं ‘चालेल’ असं लिहिलं. एकानं फक्त त्याच्या घरच्या भांडणाचा भाग काढायला सांगितला, तो मी काढला.

नांदेडला एका झेरॉक्सच्या दुकानात मी ते छापून बांधून घेतलं. जाड बाड झालं. मित्र आणि मी ते घेऊन पुन्हा देगलूरला गेलो. मुलानं ओट्यावर बसून ते उघडलं, मधलंच एक पान काढलं आणि वाचायला लागला. वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते. एके ठिकाणी तो थांबला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, “हे बघ. असंच बोलायचे. शिवी बी अशीच द्यायचे.” मग त्यानं तीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, बापाच्या हेलात. आतून सूनबाई हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला.

जाताना मुलानं विचारलं, की बाबांना हा खेळ कोणी दाखवला? आम्हाला ठाऊक नव्हतं. सूनबाईंना ठाऊक होतं. लातूरच्या दवाखान्यात तपासणीला नंबर लावून बसले होते, शेजारी एक अनोळखी माणूस फोनवर खेळत होता. मामंजी वाकून बघत होते म्हणून त्यानं फोन त्यांच्या हातात दिला. तो माणूस कोण, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

परतताना मित्रालाही माल बघायला नांदेडला यायचं होतं, म्हणून आम्ही एकाच गाडीत होतो. मी म्हणालो, “बघ. दवाखान्यातल्या बाकावर बसून एका माणसानं दुसऱ्याला दाखवला. तुझ्या बॅनरनं एवढी गर्दी आणली आणि आपण त्या गर्दीच्या नादाला लागून मास्तरांना घालवून बसलो होतो.”

तो म्हणाला, “आणि माहूरच्या बाई? बॅनर नसता तर त्या आल्या नसत्या. त्या आल्या नसत्या तर आपण देगलूरला गेलो असतो का? खरं सांग.”

मी खरं सांगितलं. गेलो नसतो.

“मग?” तो म्हणाला.

आमच्यासारखेच हौशीनं खेळ चालवणारे लोक अधूनमधून मला विचारतात, की पैसे देऊन बॅनर लावावा का. मी त्यांना सांगतो, की आम्ही पुन्हा लावला नाही. नुसत्या शब्दांचा खेळ चित्रावरून ओळखता येत नाही, आणि चित्र बघून आलेला माणूस शब्दांपाशी थांबत नाही. लावायचाच असेल तर जी चार माणसं आधीपासून बसली आहेत त्यांना आधी जाऊन भेटा, ती कोण आहेत ते विचारा, आणि कोणी आलं म्हणून त्यांची जागा हलवू नका. इतकं मी लिहितो. माहूरच्या बाईंचं मात्र लिहीत नाही, कारण त्यांना कुठल्या बाजूला धरायचं ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

मास्तरांच्या मुलानं एकदा खेळात नाव नोंदवलं. चावडीवर आला, थोडा वेळ उभा राहिला. माहूरच्या बाईंनी त्याला ‘या’ म्हटलं. त्यानं ‘हाव’ असं लिहिलं आणि गेला, परत आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्याला वाचायचं होतं ते बाड त्याच्या घरी आहे.

आता चावडीवर सतरा-अठरा माणसं असतात. पाट अजून सापडलेला नाही. नवरात्रात माहूरच्या बाई नऊ दिवस फिरकत नाहीत, गडावर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. दसरा झाला की एका दुपारी येतात. दमलेल्या असतात, फारसं लिहीत नाहीत. दोन ओळींत कोण कोण आलंय ते विचारतात, आणि मग दिवा घेऊन जिना उतरायला लागतात.